मेल-कॅलेंडर प्रोग्रामची मदतपुस्तिका : दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी

आधी मोजणी. पुस्तिकेत ९४ पाने आहेत. निम्म्याच्या आसपास पाने मेनूंवर बेतलेली : ‘संपादन मेनू’, ‘पसंती खिडकी, तिसरा टॅब’ वगैरे. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यातला नकाशाच छापल्यासारखा. वाचक हातात अडचण घेऊन येतो : मेल गेला की नाही, पुसलेला मेल फोनवर अजून का दिसतो, बैठक एक तास मागे का सरकली. यांतल्या एकाही प्रश्नाचे सध्या स्वतःचे पान नाही.

लिखाण मॅलार्ड या मदतपाने लिहिण्याच्या पद्धतीतच राहील. त्यात पानांना क्रम नसतो. कोणत्या मार्गदर्शक पानाखाली आपण यायचे ते प्रत्येक पान स्वतःच सांगते. त्यामुळे पाने तोडली किंवा जोडली तरी मध्यवर्ती अनुक्रमणिकेला हात लावावा लागत नाही. उलट बाजू अशी की मार्गदर्शकाचा दुवा लिहायचा राहिला तर पान फाइलींत असते, येल्पमध्ये (पुस्तिका दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मात्र कुठेच दिसत नाही. येल्प-चेक या तपासणी-साधनाने अनाथ पाने शोधली : ६ निघाली. त्यांपैकी ‘स्वाक्षरीत चित्र घालणे’ हे पान चांगले लिहिलेले आहे आणि बहुधा कुणी वाचलेलेच नाही.

ठरलेले नियम, पुढे वाद नको म्हणून लिहून ठेवतो. एका पानावर एकच काम. पायरी लिहिताना जागा आधी, क्रिया नंतर : ‘फाइल मेनूत “आयात” निवडा’. ‘“आयात” निवडा, ते फाइल मेनूत आहे’ असे लिहिले की वाचक आधी सगळी खिडकी धुंडाळतो. पायऱ्या संपल्यावर दोन ओळी सक्तीच्या : हे केल्यावर कोणती वस्तू कुठे गेली (या संगणकावर, सर्व्हरवर की दुसऱ्या माणसाकडे), आणि परत फिरता येते का. जुन्या पुस्तिकेत बटणे सगळी आहेत, नेमक्या या दोन ओळी नाहीत.

९ जानेवारी

‘खाते जोडणे’. जुने पान ‘तुमच्या सेवादात्याकडून माहिती घ्या’ म्हणून मोकळे होते. सेवादाता पोर्टचे आकडे (सर्व्हरच्या कोणत्या दाराने जोडायचे ते) देतोही. पण आकड्याशेजारच्या ‘सुरक्षितता’ या खोक्यात काय निवडायचे ते वाचकाला कळत नाही, आणि बहुतेक खाती तिथेच अडतात.

नव्या पानावर पोर्ट आणि सुरक्षितता यांच्या जोड्या सरळ मांडल्या. टीएलएस म्हणजे पहिल्यापासून कूटबद्ध जोडणी, स्टार्टटीएलएस म्हणजे साध्या मजकुरात सुरू होऊन मग कूटबद्ध होणारी. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचणे) : ९९३ असेल तर ‘टीएलएस, स्वतंत्र पोर्ट’, १४३ असेल तर ‘जोडणीनंतर स्टार्टटीएलएस’. पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणे) : अनुक्रमे ९९५ आणि ११०. पाठवण्यासाठी एसएमटीपी : ४६५ ला थेट टीएलएस, ५८७ ला स्टार्टटीएलएस. २५ हे पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचे. घरगुती जोडणीवर पुष्कळदा बंदच असते, म्हणून ते वाचकाला सुचवायचे नाही.

४६५ बद्दल जुन्या पानावर ‘कालबाह्य, वापरू नका’ अशी तळटीप होती. एके काळी ती बरोबर होती : १९९७ मध्ये नोंदवलेले हे पोर्ट लवकरच रद्द झाले होते. पण जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) त्याची शिफारस पुन्हा केली. तळटीप काढली.

जोडी चुकली की काय दिसते, हा भाग नव्याने लिहिला. तो वाचून वाचक स्वतःच चूक ओळखू शकतो. ९९३ वर चुकून स्टार्टटीएलएस निवडले तर चूक दाखवणारा संदेश येतच नाही, चक्र फिरत राहते. कारण आपला प्रोग्राम सर्व्हरच्या साध्या मजकुरातल्या नमस्काराची वाट पाहतो आणि सर्व्हर आपल्या टीएलएस हस्तांदोलनाची. दोघेही ‘पहले आप’ करत मुदत संपेपर्यंत बसतात. उलट ५८७ वर थेट टीएलएस निवडले तर संदेश ताबडतोब येतो, कारण सर्व्हर साध्या मजकुरात बोलतो आणि प्रोग्रामला तो टीएलएसच्या भाषेत कचरा वाटतो. म्हणून पानावर एवढेच : बराच वेळ अडकले तर टीएलएस थेट करून पाहा, क्षणात नाकारले आणि संदेशात टीएलएस किंवा आवृत्तीचा उल्लेख असला तर स्टार्टटीएलएस करून पाहा. पासवर्ड चुकला असता तर जोडणी आधी झाली असती, हेही त्याच परिच्छेदात.

१० जानेवारी

पासवर्ड. ‘वेबवर चालतो तोच पासवर्ड टाका’ हे वाक्य पाच पानांवर होते. पाचही ठिकाणांहून उडवले. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डचा रस्ता ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतला; मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेतली साधी ओळखपडताळणी १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत नेली. अशा खात्यांना आता दोनच वाटा : ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी देणे (ओऑथ २), किंवा सेवादाता देत असेल तर फक्त या प्रोग्रामपुरता वेगळा अ‍ॅप-पासवर्ड. गूगलकडे अ‍ॅप-पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि द्विस्तरीय पडताळणी चालू असल्याशिवाय मिळत नाही. दुसरी अट पहिल्याच ओळीत घेतली. ती शेवटी ठेवली तर वाचक सेटिंगच्या पानावर जाऊन नसलेले बटण शोधत बसतो.

१४ जानेवारी

पुसणे. या पानाला पाच दिवस जातील असे वाटले नव्हते.

जुना मजकूर दोन ओळींचा : ‘मेल निवडा. डिलीट दाबा.’ खोटे नाही. पण डिलीट दाबल्यावर काय होते ते खात्याच्या प्रकारावर ठरते, आणि प्रत्येक प्रकारात वेगळी गोष्ट होते.

आयमॅपमध्ये पुसणे दोन टप्प्यांत. आधी मेलवर ‘पुसलेला’ अशी फक्त खूण लागते. मेल त्याच फोल्डरमध्ये, सर्व्हरवरच, तेवढीच जागा अडवून राहतो. खूण लागलेले मेल खरोखर काढून टाकण्याची आज्ञा वेगळी असते. आपला प्रोग्राम खूण लागलेले मेल यादीतून लपवतो आणि ‘कचरा’ नावाच्या आभासी फोल्डरमध्ये दाखवतो. ते खरे फोल्डर नाही, सगळ्या फोल्डरांतल्या खुणा एकत्र दाखवणारी खिडकी आहे. म्हणून ‘मी तर कचऱ्यात टाकला होता, फोनवर इनबॉक्समध्ये कसा?’ हा प्रश्न येतो. फोनवरचा प्रोग्राम त्या खुणेकडे बघत नाही, किंवा खूण लागलेला मेल नुसता फिकट दाखवतो.

‘खरे कचरा-फोल्डर वापरा’ हा पर्याय खात्याच्या गुणधर्मांत आहे. तो चालू केला की मेल सर्व्हरवरच्या खऱ्या फोल्डरमध्ये जातो आणि सगळी उपकरणे एकच चित्र दाखवतात. एकापेक्षा जास्त उपकरणे असतील तर हाच पर्याय घ्या, असे पानावर स्पष्ट म्हटले आहे. ‘गरजेनुसार निवडा’ हे वाक्य काढले. गरज कशी ओळखायची ते न सांगता ते वाक्य लिहिणे म्हणजे हात झटकणे.

१६ जानेवारी

त्याच पानावर. खऱ्या कचरा-फोल्डरचा एक सापळा चाचणीत सापडला. सर्व्हरवरची जागा १०० टक्के भरलेली असताना मेल पुसताच येत नाही. जुन्या पद्धतीत हलवणे म्हणजे आधी नक्कल करणे, मग मूळ प्रतीवर खूण आणि मग ती काढणे. नकलेलाच जागा नसल्यामुळे पहिली पायरी फसते. जानेवारी २०१३ च्या आरएफसी ६८५१ ने ‘हलवा’ ही एकसंध आज्ञा आणली. पण सर्व्हरला ती येत नसेल तर प्रोग्राम नकलेवरच जातो. उपाय पानावर दिला : खरे कचरा-फोल्डर तात्पुरते बंद करा, मोठे संलग्नक असलेले चार-दोन मेल पुसा, फोल्डर ‘साफ करा’, पर्याय पुन्हा चालू करा.

पॉपची गोष्ट वेगळी. तिथे पुसण्याची अंमलबजावणी सत्र नीट संपल्यावरच होते. आरएफसी १९३९ मध्येच तसे आहे. मधे जोडणी तुटली तर सर्व्हर काहीच पुसत नाही. ‘तेच मेल पुन्हा पुन्हा उतरतात’ या तक्रारीत एक मेल फार मोठा आहे का आणि त्याच्यापाशी जोडणी तुटते का, ते आधी पाहायचे. ही ओळ ‘अडचणी’ विभागात घेतली.

१७ जानेवारी

शब्द. मूळ मजकुरातल्या दोन क्रियांना मराठी आवृत्तीत एकच ‘काढून टाका’ वापरलेले होते, म्हणजे वर जो फरक समजावतो आहोत तोच अनुवादात गिळला गेला होता. आता असे : डिलीटने जे होते ते ‘पुसणे’, खूण लागलेले कायमचे घालवणे म्हणजे ‘साफ करणे’, मेल न घालवता दुसरीकडे नेणे ‘हलवणे’. ‘नष्ट करणे’ सुचवले गेले होते, पण फोल्डरच्या मेनूत ‘नष्ट करा’ वाचून माणूस घाबरतो, आणि इथे घाबरायचे कारण नाही. ‘विलोपन’ कुणी बोलत नाही. ‘संलग्नक’ राहू दिले. पण शोधशब्दांत ‘अटॅचमेंट’ आणि ‘जोडलेली फाइल’ दोन्ही घातले.

महत्त्वाचे : पुस्तिकेतले बटणाचे नाव प्रोग्राममधल्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. म्हणून आधी प्रोग्रामच्या भाषांतर-फाइलीत बदल, मग पुस्तिकेत. उलटे केले तर पान सांगते ‘साफ करा’ आणि पडद्यावर असते ‘काढून टाका’.

२२ जानेवारी

‘मेल गेला की नाही?’ हे नवे पान.

पाठवणे ही दोन कामे आहेत, दोन वेगळ्या जोडण्यांवरची. आधी एसएमटीपीने मेल रवाना होतो, मग त्याची प्रत आयमॅपने ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये चढते. पहिले झाले आणि दुसरे फसले तर संदेश येतो तो प्रत ठेवता न आल्याचा. वाचक घाईत ‘पाठवता आले नाही’ असे वाचतो, मेल पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला दोनदा मिळतो. पानाचे पहिलेच वाक्य त्यामुळे असे : ‘संदेशात “पाठवलेले फोल्डर” हे शब्द असतील तर मेल गेलेला आहे, पुन्हा पाठवू नका.’ या रचनेमुळेच जड मेलला दुप्पट वेळ लागतो, कारण तेवढेच बाइट दोनदा चढतात. काही सर्व्हर प्रत स्वतःच ठेवतात. तिथे आपली प्रत बंद न केल्यास ‘पाठवलेले’मध्ये प्रत्येक मेल जोडीने दिसतो.

‘पाठवायचे’ फोल्डरमध्ये अडकलेला मेल : ऑफलाइन स्थिती तपासा, मग पत्त्यात शेवटी स्वल्पविराम किंवा मोकळी जागा राहिली आहे का ते पाहा. तेवढेच पुरे.

२३ जानेवारी

संलग्नकाची मर्यादा. ‘मर्यादा २५ एमबी, माझी फाइल २० एमबी, तरी परत आली.’ मेलमधून फाइल जाताना बेस६४ या साध्या अक्षरांच्या रूपात जाते : ५७ बाइटांच्या ७६ खुणा होतात, त्यावर ओळ संपवणाऱ्या २, म्हणजे ७८. वाढ साधारण ३७ टक्के. २५ एमबीच्या मर्यादेत मूळ फाइल १८ एमबीच्या आसपासच बसते. पानावर हिशेब नको, हाताशी धरायचा नियम द्यायचा : मर्यादेचे पाऊण भाग करा आणि त्याच्याही थोडे खाली राहा. आणि मर्यादा दोन असतात, आपल्या सर्व्हरची आणि समोरच्याची. लहान असेल ती लागू.

देवनागरी नावाच्या फाइली. आरएफसी २२३१ प्रमाणे नाव पाठवताना एका देवनागरी खुणेचे यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३ बाइट आणि प्रत्येक बाइटच्या ३ खुणा, म्हणजे ९ होतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या सगळ्या स्वतंत्र खुणा, म्हणून ‘वार्षिक’ एवढ्याच शब्दाच्या ७ खुणा आणि ६३ अक्षरे. नाव लांबले की त्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि जुने प्रोग्राम ते तुकडे जोडत नाहीत. समोरच्याला नाव नसलेली किंवा नावाच्या जागी टक्के-चिन्हांची रांग असलेली फाइल मिळते. आतला मजकूर शाबूत असतो. नाव बदलून शेवटी योग्य प्रत्यय (‘.pdf’सारखा) लावला की उघडते.

‘विनमेल डॉट डॅट’ : या नावाची फाइल आली तर समोरच्याच्या प्रोग्रामने टीएनईएफ हे मायक्रोसॉफ्टचे वेष्टन वापरले आहे. साध्या मजकुरात किंवा एचटीएमएलमध्ये पाठवायला सांगा. तीन ओळी, संपले.

२९ जानेवारी

गाळण्या, म्हणजे येणारे मेल आपोआप फोल्डरांत लावणारे नियम. जुन्या पानावर प्रत्येक अटीचे वर्णन होते, आठ पडदे भरतील एवढे. नियम कोणत्या क्रमाने चालतात त्याचा मात्र उल्लेखही नव्हता.

वरून खाली चालतात, आणि पहिला नियम लागू झाला म्हणून थांबत नाहीत. ‘पुढचे नियम थांबवा’ ही क्रिया मुद्दाम जोडावी लागते. ती नसली आणि दोन नियमांत बसणारा मेल आला तर दोन्ही नियम त्याच्यावर चालतात. नक्कल करणारे नियम असतील तर दोन प्रती होतात. पानावर उदाहरण घातले : वर ‘विषयात “बिल” असेल तर हिशेब फोल्डर’, खाली ‘अमुक पत्त्यावरून आला तर काम फोल्डर’. यात ‘बिल’ हा तुकडा ‘बिलकूल’मध्येही सापडतो, हेही त्याच उदाहरणात दाखवले.

दुसरी गोष्ट ठळक चौकटीत : हे नियम प्रोग्राम चालू असतानाच चालतात. संगणक बंद असेल तर मेल इनबॉक्समध्येच पडून राहतो आणि फोनवर तिथेच दिसतो. सर्व्हरवर चालणारे नियम हवेत तर सर्व्हरला सीव्ह ही नियम लिहिण्याची भाषा (आरएफसी ५२२८) येत असली पाहिजे; ते तिथे लिहायचे, इथे नाही. सुट्टीतले स्वयंचलित उत्तरही यामुळेच सर्व्हरवर लावायचे. गाळणीतून लावले तर मेलिंग-यादीवरच्या मेलना उत्तरे जात राहतात, आणि समोरही तसाच स्वयंउत्तरी असेल तर दोघे मिळून रात्रभर गप्पा मारतात.

३० जानेवारी

शोध आणि गाळणीतली मराठीची खास अडचण; मूळ पुस्तिकेत ती असणे शक्य नव्हते. ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’, ‘पुण्याच्या’ असे शब्द शोधून पाहिले. पहिलाच अर्ध्या मेलमध्ये सापडेना. कारण अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : यूनिकोडच्या अक्षरतक्त्यातला ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि जोड-खूण (अक्षरे जोडणारी, न दिसणारी खूण) घेऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ती वेगळी अक्षरे. ‘र’ला खाली नुक्ता दिला तरी यूनिकोडच्या सामान्यीकरणात (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करताना) त्याचा ‘ऱ’ होतो, म्हणून ती तऱ्हा वेगळी पडत नाही. पण जोड-खुणेची तऱ्हा सामान्यीकरणानेही एक होत नाही. कोणत्या कीबोर्डावर काय उमटते ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

तूर्त उपाय : अर्धा र असलेल्या शब्दाचा त्याच्या आधीचा तुकडाच शोधा. ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुस’. प्रोग्राममधली दुरुस्ती वेगळी नोंदवली. ती झाली की हे पान रद्द.

५ फेब्रुवारी

कॅलेंडर सुरू. मेलपेक्षा पाने कमी, घोळ जास्त.

पूर्ण दिवसाचा कार्यक्रम. आयकॅलेंडर या कॅलेंडर-फाइलींच्या पद्धतीच्या नियमात (आरएफसी ५५४५, सप्टेंबर २००९) शेवटची तारीख मोजायची नसते. १० ते १२ तारखेचे शिबिर फाइलीत ‘सुरुवात १०, शेवट १३’ असे लिहिले जाते. आपला प्रोग्राम पडद्यावर १२ दाखवतो, ते बरोबर. पण हाताने किंवा तक्त्यातून बनवलेल्या फाइलीत शेवट १२ लिहिलेला असतो आणि आयातीनंतर एक दिवस गळतो. वाचक म्हणतो प्रोग्राम दिवस खातो. ‘आयात’ पानावर उदाहरणासह घातले.

पुनरावृत्ती. ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असा कार्यक्रम वर्षात ७ वेळाच येतो. तारीख नसलेला महिना वगळला जातो, ३० वर ढकलला जात नाही. २९ फेब्रुवारीच्या वार्षिक कार्यक्रमाचेही तेच. महिनाअखेर हवी असेल तर ‘शेवटचा दिवस’ निवडा. जुन्या पानावर ‘महिन्याचा दिवस निवडा’ एवढेच होते.

६ फेब्रुवारी

‘फक्त हा / हा आणि पुढचे / सगळे’ या तीन पर्यायांचे पान पूर्ण बदलले. आधी तिन्हींची व्याख्या होती, आता परिणाम. ‘फक्त हा’ : मालिकेत अपवाद नोंदवला जातो. ‘सगळे’ : मागचे, होऊन गेलेलेही बदलतात, मागच्या महिन्यातली बैठक कोणत्या वेळी झाली होती ती नोंद गेली. ‘हा आणि पुढचे’ : जुनी मालिका या तारखेच्या आधी तोडली जाते आणि नवी सुरू होते. निमंत्रित असतील तर त्यांना मागच्या मालिकेचा बदल आणि नव्या मालिकेचे निमंत्रण असे दोन मेल जाऊ शकतात. ‘दोनदा का बोलावले?’ याचे उत्तर हेच.

दुहेरी निमंत्रणाचे दुसरे कारण : सर्व्हर स्वतः निमंत्रणे पाठवणारा असला (आरएफसी ६६३८) आणि प्रोग्रामनेही पाठवली. अशा कॅलेंडरासाठी खात्याच्या गुणधर्मांत ‘निमंत्रणे सर्व्हर हाताळतो’ ही खूण असते, ती तपासायला सांगितले.

११ फेब्रुवारी

वेळ-क्षेत्रे. जुने पान जगाच्या नकाशाचे चित्र देऊन थांबले होते.

कार्यक्रमाची वेळ तीन तऱ्हांनी लिहिली जाते : विशिष्ट क्षेत्राची वेळ, यूटीसी (जगाची समान प्रमाणवेळ), किंवा तरंगती वेळ. तरंगती म्हणजे ‘सकाळी ८’, तुम्ही जिथे असाल तिथले ८. गोळी घेण्याच्या आठवणीला ही योग्य, बैठकीला नाही. दर आठवड्याची बैठक यूटीसीत लिहिली तर घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत ती वर्षातून दोनदा तासाने सरकते. म्हणून पुनरावृत्त बैठकीला क्षेत्र निवडा, आणि ते बैठक बोलावणाऱ्याचे.

उदाहरण न्यू यॉर्क-लंडनचे घेतले. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन शहरांतले अंतर ५ ऐवजी ४ तास. न्यू यॉर्कच्या वेळेवर बांधलेली बैठक त्या काळात लंडनमध्ये एक तास लवकर दिसते आणि ते बरोबर असते. पानाचे शीर्षक आता वाचकाच्या शब्दांत : ‘बैठक एक तास सरकलेली दिसते’.

१२ फेब्रुवारी

छोट्या दुरुस्त्या. कॅलेंडर ‘आयात करणे’ आणि ‘जोडणे’ यांतला फरक : आयात म्हणजे त्या क्षणाची नक्कल, मूळ बदलले तरी इथे बदलत नाही, जोडणे म्हणजे ताजे, पण बहुधा फक्त वाचण्यापुरते. आठवण-गजर पार्श्वभूमीतल्या वेगळ्या प्रक्रियेतून वाजतात. मुख्य खिडकी बंद असली तरी चालतात, संगणक झोपलेला असला तर नाही.

१९ फेब्रुवारी

बॅकअप. प्रोग्राम स्वतःची एक संकुचित फाइल बनवतो. त्यात काय असते आणि काय नसते, ही यादी आता पानाच्या डोक्यावर. असते : या संगणकावरचे मेल, संपर्क, स्थानिक कॅलेंडर, गाळण्या, स्वाक्षऱ्या, खात्यांच्या सेटिंगा. नसतात : पासवर्ड, कारण ते प्रणालीच्या किल्ली-पेटीत असतात. आणि आयमॅपचे मेल असतीलच असे नाही : न उघडलेल्या मेलचे नुसते मथळे उतरलेले असू शकतात. सर्व्हर बंद होणार असेल तर आधी त्या फोल्डरांना ‘ऑफलाइन वापरासाठी उतरवा’ लावा, उतरणे पूर्ण होऊ द्या, मग ते मेल ‘या संगणकावर’च्या फोल्डरमध्ये नक्कल करा. नुसत्या बॅकअपवर विसंबून सर्व्हर बंद केला तर मागे मथळ्यांची यादी उरते.

पुनर्स्थापना सध्याचा मजकूर पुसून जुना आणते, दोन्ही मिसळत नाही. हा इशारा पहिल्या पायरीच्या वर हवा. आधी सहाव्या पायरीखाली होता, म्हणजे वाचेपर्यंत झालेले असायचे.

फोल्डर हाताने नक्कल करणाऱ्यांसाठी : प्रोग्राम आणि त्याच्या पार्श्वभूमीतल्या प्रक्रिया दोन्ही बंद करा. खिडकी बंद करणे पुरेसे नाही. अर्धवट लिहिलेली डेटाबेस फाइल नक्कल झाली तर ती उघडेलच याची खात्री नाही. पायऱ्या कोऱ्या वापरकर्ता-खात्यात तिनदा तपासल्या. पहिल्या दोन वेळा चौथी पायरी चुकीची निघाली : पुनर्स्थापनेनंतर प्रोग्राम आपोआप सुरू होतो, पान पुन्हा सुरू करायला सांगत होते.

२५ फेब्रुवारी

पडद्याची चित्रे ३१ होती, ५ ठेवली. प्रत्येक चित्र प्रत्येक भाषेत नव्याने घ्यावे लागते, कुणी घेत नाही, आणि मराठी पानात इंग्रजी खिडकी राहते. जिथे चिन्हाचा आकार शब्दांत सांगता येत नाही तिथेच चित्र.

२७ फेब्रुवारी

भाषांतरकारांसाठी. आयटीएस-टूल हे साधन पानांतून परिच्छेद उचलून भाषांतर-फाइलीत टाकते. मूळ परिच्छेदात स्वल्पविराम जरी हलला तरी त्या परिच्छेदाचे भाषांतर ‘संदिग्ध’ होते आणि वाचकाला मूळ भाषेतला परिच्छेद दिसतो. म्हणून शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्या सुट्या पाठवायच्या नाहीत, मोठ्या बदलासोबत एकगठ्ठा पाठवायच्या. लांब परिच्छेद तोडले : दहा वाक्यांचा परिच्छेद एका शब्दासाठी संदिग्ध होण्यापेक्षा तीन वाक्यांचा झालेला बरा.

३ मार्च

वाचून पाहण्याची फेरी. पान हातात देऊन तोंडाने काहीही न सांगता काम करायला दिले. दोन पाने नापास. ‘खाते जोडणे’मध्ये पोर्टांचा परिच्छेद आणि जोडी चुकल्याचा परिच्छेद यांत तीन पडदे अंतर होते, वाचक पहिल्यावरच थांबतो. दुसरा परिच्छेद वर आणला. ‘पुसणे’मध्ये ‘आभासी’ शब्दावर अडखळतात. त्याजागी ‘हे वेगळे फोल्डर नाही, सगळ्या फोल्डरांतले पुसलेले मेल इथे एकत्र दिसतात’.

येल्प-चेक : तुटके दुवे ०, अनाथ पाने १. ते पान ‘अर्धा र’चे. शोधाच्या मार्गदर्शकाखाली लावले. पाने आता ६८. स्वाक्षरीतल्या चित्राचे पान जसेच्या तसे ठेवले आहे, त्याला दुवा लावला. उरलेले काम : कूटबद्ध मेलची चार पाने, किल्ल्यांच्या वैधतेची तारीख संपली की काय दिसते ते तपासून झाल्यावर.